फी नाही, पण हिशेब आहे: जर्मनीतलं मास्टर्स

[दृश्य: दहावीची गुणपत्रिका आणि पासपोर्ट, शेजारी शेजारी]

महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. एरवी याकडे कुणाचं लक्षही जात नाही. जर्मनीला निघालेल्यांना मात्र पहिली ठेच अनेकदा इथेच लागते. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला लागतो. शुल्क १८,००० रुपये, आणि छाननी प्रत्येक कागदाची. नावात फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावं. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, पण परदेशी अर्जदारांसाठी कित्येक विभाग मार्च ते मे दरम्यानच खिडकी बंद करतात. त्यामुळे एपीएसचं काम आदल्या दिवाळीपर्यंत हातावेगळं झालेलं बरं.

जर्मन श्रेणीचं गणित उलटं आहे: १ सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, कमाल आणि उत्तीर्णतेच्या गुणांतल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं आणि एक मिळवायचा. दहापैकी ८ सीजीपीए आणि उत्तीर्णतेला ४ लागत असतील, तर उत्तर २.०. अनेक अभ्यासक्रम २.५ वर रेघ ओढतात.

[दृश्य: बँकेचा काउंटर]

आता ‘फुकट शिक्षण’. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे खरं. सत्राला साधारण १०० ते ३५० युरो भरावे लागतात आणि पुष्कळ ठिकाणी त्यातच बस-ट्रामचा पास येतो. पण श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग ज्या राज्यात आहेत, तिथे युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून अशा नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावलं. मास्टर्सला सत्राला ४,००० ते ६,०००.

शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवलेलं खातं: वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून ठेवायचे. युरो शंभर रुपयांचा धरला तरी बारा लाखांच्या घरात. ही फी नव्हे, तुमचेच पैसे. महिन्याला ९९२ युरो परत मिळतात. म्युनिकमध्ये खोलीचं भाडंच ७०० च्या पुढे सहज जातं. केम्निट्स किंवा माग्डेबुर्गमध्ये तेवढ्यात महिना निघतो. विद्यापीठाचं नाव बघताना गावाचं भाडंही बघावं, हे आमचं स्पष्ट मत.

[दृश्य: इमारतीच्या दारातल्या पत्रपेट्या]

खरी कसोटी पत्त्याची. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाचं लेखी पत्र हवं. नोंदणी अडली की कर क्रमांक आणि निवास परवानाही रखडतो. तात्पुरत्या खोलीचा मालक पुष्कळदा हे पत्र देत नाही. पैसे देण्याआधी विचारावं. खोली न पाहता, किल्ली हातात न येता अनामत पाठवू नये. फसवणूक इथेच होते. आणि पत्रपेटीवर स्वतःचं नाव लगेच चिकटवावं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, मग ते बँकेचं असो वा सरकारी.

[दृश्य: परीक्षेचं सभागृह]

एटीकेटीची सवय असलेल्याला इथे सगळ्यात मोठा धक्का बसतो. बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीनच संधी. आवश्यक विषयात तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही. अंतर्गत गुणांचा आधार थोडा. अनेक विषयांत सगळी भिस्त शेवटच्या पेपरवर. तयारी नसेल तर मुदतीत परीक्षेतून नाव मागे घ्यावं, ती संधी खर्ची पडत नाही. आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरचा दाखला घ्यावा.

कामाला मार्च २०२४ पासून वर्षात १४० पूर्ण दिवसांची मुभा आहे. पण त्या कमाईवर पहिल्या सत्राचा खर्च बेतू नये.

पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी मुलाखत बहुधा जर्मनमध्ये. सत्र सुरू झाल्यावर भाषेला वेळ मिळत नाही, म्हणून बी१ (मध्यम पातळी) पर्यंतचं जर्मन इथूनच करून जावं. पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन आहेच. नुसतं ए१, म्हणजे अगदी पहिली पातळी, करून विमानात बसलेल्याचे त्या अठरांतले कित्येक महिने भाषेच्या वर्गातच जातात.