बिनसाखरेचा चहा : कपातला हिशोब

(दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा. वजनकाट्यावर रिकामी वाटी, आकडा शून्यावर. शेजारी साखरेचा डबा, त्यात चमचा.)

घरात साखरेचा चमचा कुणी मोजून भरत नाही. डब्यात बुडवला, वर काढला, आधणात टाकला. हाच चमचा सुरीच्या पाठीने सपाट केला तर काट्यावर साधारण ४ ते ५ ग्रॅम साखर दिसते. शीग लागलेली असेल तर ७-८. एका ग्रॅम साखरेत ४ कॅलरी. म्हणजे ‘दोन चमचे साखर’ म्हणणाऱ्या दोघांपैकी एकाच्या पोटात ३५ कॅलरी जातात, दुसऱ्याच्या ६०. वजन उतरवायला कॅलरी मांडायच्या वहीत मात्र दोघंही एकच आकडा लिहितात.

पाकिटावर जी ‘किलोकॅलरी’ छापलेली असते, तिलाच आपण बोलताना कॅलरी म्हणतो. हिशोबात गोंधळ नको म्हणून एवढं आधी सांगून टाकलं.

(दृश्य : काचेच्या मोजपात्रात दूध ओतलं जातं. ७५ मिलीच्या खुणेवर थांबतं.)

आता नेहमीचा घरगुती कप घेऊ. अर्धं दूध, अर्धं पाणी. दूध ७५ मिली, फुल क्रीम. साखर १० ग्रॅम. साखरेच्या ४० कॅलरी झाल्या. आणि दुधाच्या? ६५. साखर सोडल्यावर बहुतेकांचा हिशोब चुकतो तो इथे. साखर बंद केली म्हणजे चहा शून्यावर आला असं धरून ते कप मोजणंच सोडून देतात. पण या कपातला मोठा वाटा आधीपासूनच दुधाचा होता.

दुधाच्या कॅलरी काढायला पिशवीवरचा फॅटचा आकडा पुरतो. त्याला ९ ने गुणा आणि ३३ मिळवा. १०० मिली दुधाचा आकडा जवळपास बरोबर येतो. फुल क्रीममध्ये फॅट ६ टक्के, म्हणून ५४ अधिक ३३, म्हणजे ८७. गाईच्या दुधाच्या पिशवीवर साडेतीन टक्के असेल तर ६४-६५. टोन्ड ३ टक्क्यांचं, म्हणजे ६०. डबल टोन्ड दीड टक्क्याचं, म्हणजे ४६-४७. हे ३३ येतात दुधातल्या साखरेतून आणि प्रथिनांतून, आणि ते सगळ्या दुधांत जवळजवळ सारखेच असतात. बदलतो तो फक्त स्निग्धांश. गवळ्याकडचं सुटं म्हशीचं दूध फुल क्रीमच्याही वर जातं. ते तापवून, गार करून साय काढली की फॅट उतरतं, पण किती उतरलं हे सायीच्या जाडीवर ठरतं. असं दूध वापरत असाल तर मोजताना फुल क्रीमचाच आकडा धरा. चूक झालीच तर ती जास्त मोजण्याची होईल, आणि वजन कमी करणाऱ्याला ती परवडते.

दिवसाला असे तीन कप धरू. साखरेसकट ३१५ कॅलरी. साखर काढली की १९५. त्याच तीन कपांत दूध टोन्ड केलं आणि ७५ ऐवजी ५० मिली घातलं, तर उरतात ९०. साखर सोडून १२० वाचल्या, दूध बदलून आणखी १०५.

याचा अर्थ दूध वाईट, असा मात्र नाही. ७५ मिली दुधातून अडीच ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, कॅल्शियमही मिळतं. घरातल्या ज्या वयस्कर माणसाच्या पोटात दिवसभरात दूध जातं ते फक्त चहातून, त्याच्या कपातलं दूध कमी करू नका. त्याची साखर कमी करा, तेवढं पुरे.

(दृश्य : गॅसवर पातेलं. वाफ. दोन कपांचं आधण उकळून दीड कप होतं.)

मोजायचं कधी, हाही प्रश्न आहे. तयार चहा कपात ओतून मोजला तर फसगत होते. उकळताना उडून जातं ते पाणी. कॅलरी भांड्यातच राहतात. १०० मिली दूध आटवून ६० केलं तरी त्यातल्या कॅलरी १०० मिलीच्याच. बिनसाखरेचा चहा गोडसर लागावा म्हणून काही जण दूध खूप आटवतात. चव खरंच छान येते, पण चहा जेवढा दिसतो त्यापेक्षा भारी असतो. म्हणून दूध पातेल्यात जाण्याआधी मोजायचं. तिघांचा चहा एकत्र केला असेल, तर एकूण दुधाला तीनाने भागायचं आणि तिन्ही कप सारखे भरायचे. चोथ्यात अडकून राहतं ते दूध किरकोळ, ते सोडून द्या.

(दृश्य : चहा पावडरीचे बारीक गोल दाणे, अगदी जवळून.)

आता चव. साखर सोडलेल्यांपैकी अनेक जण पहिल्या आठवड्यातच परत फिरतात. कारण ते साखर काढतात, बाकी कृती तीच ठेवतात.

आपल्याकडची नेहमीची पावडर सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) पद्धतीची असते. पान दातेरी रोलरांतून चिरडत, फाडत, वळवत नेतात आणि त्याचे दाणे होतात. १९३० च्या सुमारास आसामात ही यंत्रं आली. पान इतकं बारीक फाटल्यामुळे रंग आणि कडकपणा पाण्यात फार लवकर उतरतो. तुरटपणाही तितक्याच लवकर उतरतो. आपण ही पावडर पाच-सात मिनिटं खळखळ उकळतो आणि वर दोन चमचे साखर घालतो. ती साखर तो कडवटपणा झाकून ठेवत असते. झाकण काढलं की खालचं दिसणारच. दुधातली प्रथिनं तुरटपणा थोडा बांधून घेतात. म्हणून साखरेबरोबर दूधही एकदम कमी केलं, तर चहा जिभेला ओढल्यासारखा लागतो.

तेव्हा कृतीच बदलायची. एका कपाला पाणी ११० मिली. त्यात ठेचलेलं आलं, बोटाच्या पेराएवढं नको, अर्ध्या पेराएवढं. गवती चहाच्या दोन पाती कात्रीने कापून. एक वेलची सालीसकट ठेचून. हे पाणी झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं उकळू द्या. मग पावडर, सपाट चमचाभर, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम. पावडर पडल्यावर अर्धा ते पाऊण मिनिट उकळी, त्याहून जास्त नाही. गॅस बंद, झाकण, दोन मिनिटं दम. दूध दुसऱ्या भांड्यात कडक तापवलेलं असावं. आधी दूध कपात, वरून चहा गाळायचा. गाळणीतला चोथा चमच्याने दाबून पिळू नका. दाबला की उरलेला तुरटपणा कपात उतरतो.

एवढं करूनही कडवट लागला तर पावडर कमी करा. उकळीची वेळ आणखी कमी करू नका, नाहीतर चहा पाणचट होईल. मिठाची चिमूट नव्हे, चिमटीतले मोजके कण घातले तर कडवटपणा दबतो. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

(दृश्य : फाटलेला चहा. पातेल्याच्या कडेला दुधाचे कण.)

दूध फाटण्याची तक्रार बिनसाखरेच्या चहात जास्त ऐकू येते, कारण चव भरून काढायला लोक आलं वाढवतात. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. कोमट दुधात आलं पडलं की ते कामाला लागतं आणि दूध नासतं. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं राहिलं की त्याचा जोर संपतो. म्हणून आलं नेहमी आधी पाण्यात. आदल्या दिवशीचं, आंबूस व्हायला लागलेलं दूध असेल तर मात्र काहीही केलं तरी फाटेल.

गोडव्याचा भास हवा असेल तर वेलची, दालचिनी आणि बडीशेप कामाला येतात. यांचा वास आपण आयुष्यभर गोड पदार्थांबरोबर घेतलेला असतो, त्यामुळे जीभ अर्धी वाट आपणच चालते. कपाला बडीशेप पाव चमचा पुरे. ज्येष्ठमध खरोखरच गोड असतो, पण तो रोज तिन्ही कपांत घालायची वस्तू नाही. जास्त आणि सतत पोटात गेला तर रक्तदाब वाढतो, रक्तातलं पोटॅशियम घटतं.

साखर एकदम सोडणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी बरणीची पद्धत आहे. दिवसाला तीन कप, कपाला १० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला २१० ग्रॅम. पहिल्या आठवड्यात कपाला ८ ग्रॅम धरा आणि १६८ ग्रॅम साखर वेगळ्या छोट्या बरणीत काढून ठेवा. चहासाठी हीच बरणी. पुढच्या आठवड्यात १२६, मग ८४, मग ४२, मग रिकामी. शनिवारीच बरणी संपली तर हात कुठे सैल सुटला ते आपोआप कळतं. एक अट आहे : साखर पातेल्यात जाऊ द्यायची नाही. प्रत्येकाने आपापल्या कपात घालायची.

(दृश्य : गुळाची ढेप, मधाची बाटली, गोळ्यांची डबी.)

गुळाच्या चहाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. १०० ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास कॅलरी असतात, साखरेत जेमतेम ४०० च्या आत. फरक नगण्य. गूळ साखरेपेक्षा कमी गोड लागतो, म्हणून हात जास्त पडतो आणि हिशोब उलटतो. आवडतो म्हणून प्या, मोजून प्या, पण त्याला बिनसाखरेचा म्हणू नका. मधाच्या चमच्यातही २० च्या वर कॅलरी आहेत.

साखरेऐवजी घालायच्या गोड गोळ्यांचं वेगळं. एक गोळी साधारण एका चमच्याची गोडी देते आणि तिच्यात कॅलरी जवळजवळ नसतात. अ‍ॅस्पार्टेमची गोळी उकळत्या आधणात टाकू नका, उष्णतेने तिची गोडी जाते. कपात टाका. सुक्रालोज आणि स्टीव्हिया उष्णता सोसतात. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असणाऱ्यांना अ‍ॅस्पार्टेम चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नये असं सुचवलं. ती सूचना आधीपासून मधुमेह असणाऱ्यांसाठी नव्हती. आमच्या मते गोळी ही पायरी म्हणून ठीक. पण तिच्यामुळे जिभेची गोडाची सवय तशीच राहते, आणि सवय मोडणं हेच तर काम आहे.

(दृश्य : टपरी. पितळी पातेलं, कापडातून गाळला जाणारा चहा.)

घराबाहेर साखर टाळणं कठीण. टपरीवर साखर आधणातच पडते. ‘कमी साखर’ म्हटलं तर कधीकधी त्याच चहात वरून दूध घालून देतात. साखर फारशी हटत नाही, दूध वाढतं. त्यापेक्षा ‘कोरा, बिनसाखरेचा’ असं सरळ मागा, किंवा नवं आधण पडायची वाट बघा.

कार्यालयातल्या मशीनचं बटण दाबण्याआधी आत कोणती पावडर भरली जाते ते पाहा. तयार मिश्रणात बऱ्याचदा साखर आधीच असते. पाकिटामागे ‘अ‍ॅडेड शुगर’ची ओळ असते, ती वाचा. दुधाऐवजी डेअरी व्हाइटनर वापरत असतील तरीही तेच. बहुतेक व्हाइटनरमध्ये साखर मिसळलेली असते, आणि तो चहा ‘बिनसाखरेचा’ म्हणून दिला जातो.

(दृश्य : बशीत खारी, टोस्ट, ग्लुकोजची बिस्किटं. एकेक काट्यावर.)

चहा फिका झाला की हात बशीकडे जातो. ग्लुकोज बिस्किटांत १०० ग्रॅमला साडेचारशेच्या आसपास कॅलरी, खारीत पाचशेच्या घरात. चार बिस्किटांत दोन कपांतल्या साखरेची बचत परत जाते, वर थोडं देणंही होतं. खारी हलकी वाटते कारण ती हवेने फुगलेली असते. काट्यावर ठेवली की तिच्यातली चरबी कळते. संध्याकाळी पाचला खरंच भूक लागत असेल, तर मूठभर फुटाणे किंवा एखादं फळ वेगळं खा, आणि ते वेगळंच लिहा.

दिवसाच्या १२० कॅलरी वाचल्या तर वर्षाचे होतात ४३,८००. एक किलो चरबीला ७,७०० धरले, तर कागदावर साडेपाच किलोच्या वर उत्तर येतं. शरीर कागदाप्रमाणे वागत नाही. वजन उतरलं की खर्चही उतरतो, शिवाय बशी आहेच. प्रत्यक्षात उतरतं ते यापेक्षा कमी. पण जे उतरतं, ते ताटातली एक भाकरीही न सोडता.

चहा जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या नको. साखर असो वा नसो, पालेभाजी-कडधान्यांतलं लोह शोषलं जाण्यात तो अडथळा आणतो. तासाभराचं अंतर ठेवा. हिमोग्लोबिन कमी असणाऱ्या बायकांनी तर नक्कीच.

(दृश्य : ओट्यावर साखरेची बरणी. शेजारी पाण्याचा ग्लास, ग्लुकोमीटर.)

इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी साखर एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, डोस बदलावा लागू शकतो. घाम फुटला, हात थरथरले, डोकं हलकं झालं आणि मीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला, तर त्या वेळी बिनसाखरेचा चहा किंवा गोळी घातलेला चहा काही उपयोगाचा नाही. गोड दुधाचा चहाही नको, दुधातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. तीन सपाट चमचे साखर, म्हणजे १५ ग्रॅम, अर्धा ग्लास पाण्यात विरघळवून लगेच प्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आकडा अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखान्यात न्यायचं.