नाण्यातला धातू गेला कुठे?

श्रोतेहो, नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या घरांत चिल्लरीचा एखादा डबा हमखास असतो. त्यातून कुरतडल्यासारखं चौकोनी पाच पैशांचं नाणं निघालं, की कुणीतरी म्हणतंच, ‘टाकसाळीतली चूक आहे, मोठी किंमत येईल.’ जरा थांबा. आधी बघा, यातला धातू गेला कुठे?

1970 च्या दशकातलं हे नाणं अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं, वजन दीड ग्रॅम. आता आजीची चंची आठवा. पान, सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी आणि त्यातच सुट्टे पैसे! ओला चुना अॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर विरघळवतो आणि मग धातूच खातो. अशा नाण्यावर देवीच्या वणांसारखे खड्डे दिसतात, खड्ड्यांत पांढरी भुकटी असते, आणि चुना लागलेली बाजू दुसरीपेक्षा जास्त झिजलेली असते. त्याच चंचीतले तांबे-निकेलचे चार आणे मात्र फारसे बिघडत नाहीत. मला तर ही जोडी एकत्र सापडणं हाच सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो, म्हणून डब्यातली नाणी वेगवेगळी करू नका.

ओळखीच्या सोनाराकडे वजन करून घ्या. चुन्यानं खाल्लेलं नाणं हलकं भरतं. रुळावर चेपलेलं नाणं पसरट, पातळ दिसतं, पण वजन जवळपास तेवढंच. धातू गेलेला नसतो, सरकलेला असतो. (मुलांना रुळांजवळ मात्र अजिबात जाऊ देऊ नका.)

खरी चूक कशी असते? टाकसाळीत पत्र्यातून चकत्या कापताना आधीच्या भोकावर पुन्हा कापणी पडली, तर गोल नाण्याची कड चंद्रकोरीसारखी तुटते. अशा नाण्याची बरोबर समोरची कडसुद्धा बहुधा पुसट उठते, कारण काठ चढवताना तिथे दाब कमी पडतो. घरी कानशीनं घासलेल्या नाण्याची समोरची कड ठसठशीत राहते, आणि घासलेल्या जागी भिंगातून समांतर ओरखडे दिसतात.

आणि कृपा करून नाणी चिंचेनं किंवा चुलीच्या राखेनं घासू नका. राखही अॅल्युमिनियमला खाते, आणि खड्ड्यांतली ती पांढरी भुकटी एकदा गेली, की चुन्याचा माग लागत नाही.