खुंटीवरची बंदूक

(दृश्य: पहाट. धुक्यातलं भातशेत. लांबून एक बार. बगळे उडतात.)

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाच्या पट्ट्यात या आवाजानं कुणी दचकत नाही. आश्विन लागला, भात पिकायला आलं की रात्री रानडुकरं उतरतात आणि कुणीतरी उठून बार काढतो. जनावराच्या अंगावर नाही, हवेत. निदान कॅमेऱ्यासमोर तरी सगळे हेच सांगतात. तिलारीच्या बाजूला कर्नाटकातून हत्ती आले, त्यांच्यापुढे ही बंदूक काही कामाची नाही. डुकरांसाठी आणि काजू-केळीवर येणाऱ्या माकडांसाठी मात्र ती अजून घरात आहे.

सरकारी कागदावर हिचं नाव शेतीसंरक्षण बंदूक. १९५९च्या शस्त्र कायद्यानंच पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीला वेगळी जागा दिली आहे. सिंधुदुर्गात असे परवाने अनेक घरांत आहेत. आजोबांचा परवाना पुढे वडिलांच्या नावावर होतो आणि बंदूक त्याच भिंतीवर राहते.

(दृश्य: माजघर. कॅमेरा जमिनीपासून तीन फुटांवर.)

कॅमेरा मुद्दाम खाली ठेवला आहे. पाच वर्षांच्या मुलीला घर या उंचीवरून दिसतं. समोर भिंत. भिंतीवर दोन लाकडी खुंट्या, त्यांवर आडवी बंदूक. खाली पत्र्याची पेटी आणि पेटीवर दप्तर. दप्तर काढायला मुलगी रोज त्या पेटीवर चढते. बाजूला देवळी आहे. तिच्यात रॉकेलची जुनी चिमणी, सुईदोरा आणि एक पितळी डबी. डबीत काय आहे ते पुढे येईल.

(दृश्य: आजोबा पडवीत बसून बंदूक साफ करतात. नळी, चिंधी, खोबरेल.)

आजोबांचं वय सत्तरीच्या पुढे आहे, पण नळीवरून फिरणारा हात जराही थरथरत नाही. ठासणीच्या बंदुकीला सगळं तोंडाकडून भरावं लागतं. आधी दारू, मग चिंधी, मग छर्रे, परत चिंधी, आणि प्रत्येक वेळी गजानं ठासायचं. शेवटी मागच्या बाजूला केप, म्हणजे घोड्याच्या ठोक्यानं ठिणगी पाडणारी छोटी टोपी. अंधारात, पावसात, हातात विजेरी धरून हे सगळं करायला वेळ लागतो आणि डुक्कर तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून बंदूक आधीच भरून ठेवायची पद्धत पडली. भरलेली बंदूक रिकामी करायचा साधा मार्ग एकच, बार काढणं. एक बार म्हणजे एवढी दारू आणि एवढे छर्रे. रात्री डुक्कर आलंच नाही तर ते फुकट कोण घालवणार? बंदूक तशीच भरलेली घरी येते आणि खुंटीवर चढते.

काडतुसाची बंदूक मोडून बघता येते. आत काडतूस आहे की नाही, ते डोळ्यांना दिसतं. ठासणीची बंदूक तशी उघडत नाही. भरलेली आणि रिकामी बाहेरून सारखीच दिसते. ओळखायची खूण गजात आहे.

(दृश्य: जवळून. गज नळीत उतरतो.)

रिकाम्या नळीत गज थेट तळाला जातो आणि धातूवर धातू आपटल्याचा ‘टण्’ आवाज येतो. भरलेल्या नळीत तो चार बोटं वरच अडतो आणि आवाज बोदा येतो. आजोबांनी गजावर दोन ठिकाणी कानशीनं खाच पाडून ठेवली आहे, एक रिकाम्याची, एक भरलेल्याची. आज गज भरलेल्याच्या खाचेवर थांबला.

(आजोबांचा बाइट)
“केप काडलेली आसा. केप नाय तर बार कसो सुटतलो?”

घरोघरी हेच उत्तर मिळतं. आणि केप कुठे ठेवलेली असते? देवळीतल्या पितळी डबीत, बंदुकीपासून हातभर अंतरावर.

(दृश्य: प्राथमिक शाळा. मुलं ओळीनं बसलेली. बाई फळ्यासमोर.)

गावातल्या शाळेत बाई मुलांना चार गोष्टी म्हणायला शिकवतात. थांब. हात लावू नको. थंयसून धाव. मोठ्यांका सांग. मुलं एका सुरात म्हणतात, शेवटच्या ओळीला तर छप्पर उडेल अशी. या चार ओळी मुळात इथल्या नाहीत. अमेरिकेत नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकवाल्यांच्याच संघटनेनं १९८८ मध्ये लहान मुलांसाठी ‘एडी ईगल’ नावाचा गरुड आणला. तो गरुड हेच सांगायचा. बाईंनी गरुड वगळला आणि ओळी मालवणीत आणल्या, हे बरं केलं.

शिकवण चांगलीच आहे. पण तिच्या भरवशावर किती राहायचं, याचं उत्तरही अमेरिकेतच मिळालं. २००१ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. ८ ते १२ वर्षांचे ६४ मुलगे, दोघा-तिघांच्या २९ गटांत, एका खोलीत सोडले. ड्रॉवरमध्ये खरं पिस्तूल ठेवलं होतं, अर्थात निकामी केलेलं. २१ गटांना ते सापडलं. त्यांतल्या १६ गटांनी ते हाताळलं आणि १० गटांत कुणीतरी चाप ओढला. ज्यांनी हात लावला किंवा चाप ओढला, त्यांतल्या १०० पैकी ९० हून अधिक मुलांना बंदुकीच्या सुरक्षेबद्दल आधी काही ना काही सांगितलेलं होतं. खरी की खेळण्यातली, हेही अनेकांना ओळखता आलं नाही.

(दृश्य: पुन्हा वर्ग. बाई प्रश्न विचारतात.)

बाईंचा प्रश्न साधा होता. ज्यांच्या घरी बंदूक आहे, ती कुठे असते ठाऊक आहे का? हात वर. मग दुसरा प्रश्न, केपची डबी कुठे असते? एकही हात खाली आला नाही. एका मुलानं तर उभं राहून सांगितलं की आधी ती देव्हाऱ्यामागे असायची, आता तांदळाच्या डब्यात आहे, आणि ती तिथे ठेवल्याचं फक्त बाबांना माहीत आहे. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. पोरांपासून लपवणं म्हणजे काय ते या उत्तरात आलं.

(दृश्य: दसरा. अंगणात पाट, त्यावर बंदूक, कोयता, पारई. झेंडूच्या माळा.)

वर्षातून एक दिवस बंदूक आपणहून खाली येते. खंडेनवमी-दसऱ्याला तिला हळदकुंकू लागतं, फुलं वाहतात, आणि मग मोबाइल निघतात. नातवाच्या हातात बंदूक, आजोबांचा हात त्याच्या खांद्यावर, फोटो मुंबईच्या काकांना. शिकवायचंच असेल तर हा दिवस सोन्याचा. सगळं घर समोर असतं, बंदूकही असते. या घरात यंदा पूजेआधी गज नळीत घातला गेला, सगळ्यांसमोर, आणि ‘टण्’ ऐकू आल्यावरच बंदूक पाटावर आली. मुलांना ती वाकून बघायला दिली, उचलायला नाही. दिवाळीच्या टिकल्यांच्या बंदुकीलाही इथे आता तोच नियम आहे, माणसावर रोखायची नाही. धाकट्याला हा नियम अजिबात पटलेला नाही, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतंच आहे.

असल्या घरांतून कधी काय घडलं, त्याच्या बातम्या दोन ओळींच्या येतात. खेळताना बार सुटला, अमुक जखमी.

(दृश्य: पोलीस ठाण्याचं आवार. बंदुका घेऊन रांगेत उभे परवानाधारक.)

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. कुणाची ठेवायची, कुणाला सूट द्यायची, ते छाननी समिती ठरवते. ऐन पिकात बंदूक गेली म्हणून लोक कुरकुरतात आणि त्यांचं चूक नाही. पण ठाण्यात ती कुलपात असते, नोंदवहीत असते. तेवढंच घरी का होऊ नये? २०१६च्या शस्त्र नियमांत बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी परवानाधारकाकडून घेतली जाते. २१ वर्षांखालच्या माणसाला कायदा बंदूक बाळगू देत नाही. खुंटी मात्र कुणाचं वय विचारत नाही.

(दृश्य: शेताचा बांध. आजोबा हवेत बार काढतात. गज. ‘टण्’. मग घर.)

आता आजोबा घरी येण्याआधी बांधावरच बंदूक रिकामी करतात. एका बाराची दारू वाया जाते, त्याबद्दल रोज एक वाक्य बोलतात. लोखंडी कपाट सावंतवाडीहून आलं. बंदूक त्यात. दारू, छर्रे आणि केप दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या करगोट्याला. खुंटीवर आता छत्री आहे.

(दृश्य: देवळाच्या मंडपात बैठक. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या.)

बैठकीत पुरुष बराच वेळ परवान्याच्या नूतनीकरणावर बोलले. ते आम्ही कापलं. मग एका आईनं समोरच्या घरमालकाला थेट विचारलं. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी आयांनाही हा प्रश्न पडतो. मुलाला कुणाच्या घरी खेळायला पाठवण्याआधी तिथे बंदूक कुलपात आहे का, हे विचारायचं कसं, याचा संकोच तिथेही असतो. इथे तो दिसला नाही.

“तुमची बंदूक खंय आसता?”

“खुंटेक.”

“भरलेली?”

“केप काडलेली आसा गो.”

“मगे कुलूप घालीसर माझो झील तुमच्याकडे खेळाक येवचो नाय.”