डोकं तल्लख, तरी मेंदूत अमायलॉइड?

नमस्कार मंडळी! आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. वय बहात्तर, शब्दकोडं पेननं सोडवतात. परवा जिन्यात अडवून म्हणाले, "अल्झायमर आता रक्तातून कळतो म्हणे. करून टाकू का टेस्ट?"

काकांना जिन्यात उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही. तुम्हाला सांगतो.

या आजारात मेंदूत दोन प्रथिनं घोळ घालतात. अमायलॉइड पेशींच्या बाहेर साचतं, टाऊच्या गाठी पेशींच्या आत होतात. पूर्वी हे दिसायचं ते माणूस गेल्यावरच, मेंदूचे काप काढून. मग पिट्सबर्गच्या शास्त्रज्ञांनी अमायलॉइडला चिकटणारं एक किरणोत्सारी रसायन बनवलं. ते शिरेतून द्यायचं आणि पेट (PET) स्कॅन काढायचा, की जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड दिसतं. 2002 मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे ते पहिल्यांदा माणसावर वापरलं.

पुढे तुलनेसाठी ठणठणीत ज्येष्ठांचेही स्कॅन झाले, आणि गंमत बघा, त्यातल्या काहींच्या मेंदूतही अमायलॉइड! सत्तरीच्या आसपास, स्मरणशक्ती शाबूत असलेल्या साधारण चार-पाच जणांत एकाकडे ते सापडतं. लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून ते साचायला लागतं.

टाऊची चाल वेगळी. इथे, कानशिलाच्या आतल्या अंगाला (कानाच्या पुढे बोट ठेवून दाखवतो), हिप्पोकॅम्पस असतो. काल रात्री काय जेवलो, ही आठवण तोच धरून ठेवतो. त्याच्या उंबरठ्यावर थोड्याफार टाऊच्या गाठी म्हातारपणी बहुतेकांना होतातच. अमायलॉइड वाढलं आणि टाऊ तो उंबरठा ओलांडून मेंदूभर पसरायला लागला, की विसरणं सुरू होतं.

पण पसरूनही काहीच झालं नाही तर? अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी 1986 पासून 678 जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती नन्सचा, अभ्यास केला. दरवर्षी स्मरणशक्तीची परीक्षा आणि मृत्यूनंतर मेंदूदान. त्यातल्या सिस्टर मेरी 101 व्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत परीक्षेत उत्तम गुण. मेंदू उघडला तर आत अमायलॉइडचे थर आणि टाऊच्या गाठी, दोन्ही भरपूर! बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं बहुतेक. याला मेंदूची राखीव ताकद म्हणतात. ती नेमकी कशानं येते यावर अजून खल चालू आहे.

मग अमायलॉइड दिसताच औषध द्यावं का? तोही प्रयोग झालाय. अमायलॉइड असलेल्या, पण धडधाकट अशा अकराशेहून जास्त ज्येष्ठांना घेऊन सोलानेझुमॅब या अमायलॉइडविरोधी औषधाची चाचणी जवळपास साडेचार वर्षं चालली. 2023 मध्ये निकाल आला: घसरण थांबली नाही. दुसऱ्या औषधांच्या चाचण्या सुरू आहेत.

आता काकांची रक्ततपासणी, म्हणजे मेंदूतल्या अमायलॉइडची खूण रक्तात शोधणारी. 2025 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली ती 55 च्या पुढच्या, लक्षणं दिसत असलेल्या लोकांसाठी. कोडी सोडवणाऱ्या काकांच्या हातात 'पॉझिटिव्ह' असा कागद पडला, तर त्यांनी त्याचं करायचं काय? झोप उडेल, तेवढंच.

विसरायला होतंय असं खरंच वाटलं, तर डॉक्टर आधी बी-12, थायरॉइड, चालू गोळ्या, झोप आणि मनःस्थिती बघतात. आणि कान! ऐकू कमी येणं हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा घटक मानतात. काकांच्या टीव्हीवरच्या बातम्या आमच्या बेडरूममध्ये शब्दन् शब्द ऐकू येतात, म्हणून मी त्यांना आधी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलंय.