टेप आहे, ड्राइव्ह कुठाय?

[अगदी जवळून: झाकण काढलेला डॅट ड्राइव्ह. ड्रम फिरू लागतो.]

हा टेप ड्राइव्ह, कॉम्प्युटरमधला डेटा टेपवर लिहून ठेवणारं आणि परत वाचणारं यंत्र. जात डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप. आत किंचित कललेला, चकचकीत ड्रम. टेप त्याला पाव वेढा घालून सरकतेय, सेकंदाला जेमतेम आठ मिलिमीटर. ड्रम मात्र मिनिटाला दोन हजार फेरे मारतोय. म्हणून त्याच्यावरचं हेड, म्हणजे डेटा लिहिणारा-वाचणारा भाग, टेपवर तिरप्या रेघा ओढत जातं, एकीला खेटून दुसरी. टेपची रुंदी गाण्याच्या कॅसेटमधल्या फितीएवढीच, पण तिच्यात मावतो १.३ गिगाबाइट डेटा. हे १९८९ साली, जेव्हा ऑफिसातल्या पीसीची हार्ड डिस्क वीस-चाळीस मेगाबाइटची असायची. डॅट मुळात संगीतासाठी निघालं होतं. सोनी आणि एचपीनं त्यातून डीडीएस हा बॅकअपचा प्रकार काढला.

[दांडिया बाजार, वाड्याचा दिंडीदरवाजा. आतलं वर्कशॉप.]

हे बडोदं. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याचा तळमजला. इथे बसणारे काका टेप ड्राइव्हचे सर्व्हिस इंजिनिअर होते. मकरपुऱ्यातले कारखाने, रावपुऱ्यातल्या सीएंची ऑफिसं, अलकापुरीतली हॉस्पिटलं, सगळीकडे जाऊन हेच ड्रम पुसायचे.

[काका काडीनं ड्रम पुसताना.]

“कापूस नाही वापरायचा हं. तंतू अडकला की हेड गेलं,” काका मान वर न करता सांगतात.

ड्रमचं कौतुक आहेच, पण दुखणंही त्याच्यातच. इतक्या वेगानं फिरणारं हेड टेपला घासतं आणि दोन्ही झिजतात. अलाइनमेंट, म्हणजे हेड आणि टेपची जुळणी, बिघडलेल्या ड्राइव्हनं लिहिलेली टेप त्याच ड्राइव्हवर सुरळीत वाचली जाते, दुसऱ्या ड्राइव्हवर मात्र अडते. हे लक्षात येईपर्यंत पहिला ड्राइव्ह भंगारात गेलेला असतो.

[डीएलटी: हिरवा दिवा, हँडल वर, कार्ट्रिज आत.]

दुसरी जात डीएलटी, म्हणजे डिजिटल लिनिअर टेप. तिचा घाट वेगळा. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीनं १९८४ साली आणलेल्या टीके-५० या कार्ट्रिजचा, म्हणजे टेपच्या डबीचा, हा वंशज. त्या पहिल्या कार्ट्रिजमध्ये ९४ मेगाबाइट मावायचे. कार्ट्रिजमध्ये रीळ एकच. दुसरं ड्राइव्हच्या पोटात. आतली पट्टी टेपचं टोक पकडते आणि सहा रोलरांवरून ओढून नेते. इथे हेड फिरत नाही. टेप अर्धा इंच रुंद. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, हेड थोडंसं सरकतं, टेप उलटी परत येते. शेतात नांगर वळतो तसं. डीएलटी-७००० या मॉडेलमध्ये अशा रेघा, म्हणजे ट्रॅक, २०८ आणि जागा ३५ गिगाबाइट.

घासणं कमी म्हणून आयुष्य जास्त. पण १९९४ पासून हा सगळा कारभार क्वांटम या एकाच कंपनीच्या हातात आला. तिनं पुढे डीएलटी गुंडाळलं. कपाटांत डीएलटीच्या टेपा आजही धडधाकट आहेत, त्या वाचायच्या मात्र काकांच्या या खोलीतल्या ड्राइव्हवर. आमच्या मते खरी तुलना इथे करायला हवी: पुढे टेप वाचणारा ड्राइव्ह मिळतो का. किती गिगाबाइट मावतात हे कुठल्याही जाहिरातीत सापडतं.

[उघडलेलं एलटीओ कार्ट्रिज. कोपऱ्यातली चिप. उलगडत जाणारी टेप.]

तिसरी जात एलटीओ, म्हणजे लिनिअर टेप-ओपन. ते २००० साली आलं, ते आयबीएम, एचपी आणि सीगेट या तिघांनी मिळून ठरवलेलं. तिघांनी एकच माप मान्य केलं आणि परवाना इतरांनाही दिला. पहिल्या पिढीत १०० गिगाबाइट. २०२१ च्या नवव्या पिढीत १८ टेराबाइट, तेही अर्ध्या इंचाच्याच टेपवर. ट्रॅक ३८४ वरून ८,९६० झाले.

हेडनं नेमकं कुठे थांबायचं? त्यासाठी टेपवर कारखान्यातच पाच सर्वो पट्टे, म्हणजे हेडला वाट दाखवणाऱ्या खुणा, लिहिलेले असतात. चुंबकानं टेप कोरी करायला गेलात तर हे पट्टेही पुसले जातात आणि ती कायमची वाया जाते. नवव्या पिढीचा ड्राइव्ह एका वेळी ३२ ट्रॅक लिहितो, म्हणजे टेप भरायला २८० फेऱ्या. एक हजार पस्तीस मीटरची टेप २८० वेळा! बडोद्याहून रेल्वेनं सुरतेला जाऊन परत आलात तरी इतकं अंतर होत नाही. पूर्ण वेगात साडेबारा तासांचं काम.

[टेप थांबते, मागे जाते, पुन्हा सुटते. आवाज तसाच ठेवणे.]

हा आवाज ऐका. कॉम्प्युटर डेटा वेळेवर पुरवत नाहीये. टेप थांबते, मागे येते, पुन्हा धावते. असं रात्रभर चाललं की टेप आणि हेड दोन्ही झिजतात. काकांकडे येणारं गिऱ्हाईक ‘ड्राइव्ह स्लो आहे’ म्हणतं. “ड्राइव्ह बिचारा वाट बघतोय, तुमचं नेटवर्क स्लो आहे,” काका म्हणतात.

२०११ साली जीमेलमधल्या काही खात्यांची पत्रं गायब झाली, ती गूगलनं टेपवरून परत आणली. डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअरही कपाटातल्या टेपपर्यंत पोचत नाही.

[शेल्फ: तिन्ही जातींची कार्ट्रिजेस शेजारी शेजारी.]

एलटीओचंही सगळं गोडगोड नाही. सातव्या पिढीपर्यंतचा ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या टेपा वाचायचा. आठव्या आणि नवव्या पिढीत एकच पिढी मागे. टेप बनवणाऱ्या कंपन्या दोनच उरल्या, फुजीफिल्म आणि सोनी. त्यांच्या पेटंटच्या भांडणात २०१९ साली आठव्या पिढीच्या टेपांची टंचाई झाली होती. टेप काही हजारांची, ड्राइव्ह लाखांचा. त्यामुळे छोटी ऑफिसं ड्राइव्ह घेत नाहीत, टेपा घेऊन काकांकडे येतात.

[काका लेबल लिहिताना.]

काका डॅटवरचा डेटा एलटीओवर उतरवतात आणि लेबलवर तीन गोष्टी लिहितात: कुठली पिढी, कुठलं सॉफ्टवेअर, ब्लॉक साइझ किती (म्हणजे डेटा केवढ्या तुकड्यांत लिहिलाय). चौथी गोष्ट तोंडी सांगतात, ती म्हणजे वर्षातून एकदा एखादी फाइल परत काढून बघायची. ते फुकट करून देतात. फारसं कुणी येत नाही.