एक जात्यात, बाकीचे सुपात

मंडळी, 10 मार्च 2003 ची रात्र. लंडनचं शेफर्ड्स बुश एम्पायर हे नाट्यगृह. डिक्सी चिक्स या अमेरिकन त्रिकुटाची मुख्य गायिका नॅटली मेन्स पुढच्या गाण्याची ओळख करून देताना सहज बोलून गेली. आम्ही तुमच्याच बाजूच्या आहोत, आम्हाला हे युद्ध नको, ही हिंसा नको, आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते, असा त्या बोलण्याचा आशय. ती स्वतः टेक्सासमधल्या लबक गावची. इराकवरचा हल्ला दहा दिवसांवर आला होता. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि गाणं सुरू झालं.

ते गाणं कोणतं होतं, तर व्हिएतनामला गेलेल्या एका कोवळ्या शिपायाचं. तो परत येत नाही, आणि मागे राहिलेली एक मुलगी एकटीच रडते. त्याच सुमाराला ते अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या, म्हणजे तिथल्या ग्रामीण मातीतून आलेल्या गाण्यांच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. म्हणजे ज्यांच्यावर पुढे सैनिकद्रोहाचा शिक्का बसला, त्यांचं शिपायावरचं गाणं त्या घडीला घरोघरी वाजत होतं. जानेवारीत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मैदानावर राष्ट्रगीतसुद्धा याच तिघींनी गायलं होतं.

दोन दिवसांनी लंडनच्या ‘गार्डियन’मध्ये कार्यक्रमाचं परीक्षण आलं. त्यात युद्ध नको, हिंसा नको हा भाग गळला आणि लाजेचा तेवढा उरला. तो अमेरिकेत पोचला आणि रान उठलं. लुइझियानातल्या बोसियर सिटीत लोकांनी त्यांच्या सीडी आणून ढीग घातला आणि त्यावरून ट्रॅक्टर फिरवला. त्यांचं दुसरं एक गाणं सर्वसाधारण, म्हणजे सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या, यादीत दहाव्या क्रमांकावर होतं. ते एका आठवड्यात 43 वर घसरलं. शिपायाचं गाणंही बघता बघता यादीतून नाहीसं झालं.

मेन्सनं लगेच माफी मागितली. पण नीट बघा, माफी कशाची? अध्यक्षपदाचा मान राखला नाही, याची. युद्धविरोध तिनं मागे घेतला नव्हता. हा फरक तेव्हा कोणी ऐकून घेतला नाही, तो भाग वेगळा.

इथे कोणी म्हणेल, यात गैर काय? तिला बोलायचा हक्क आहे, तसा लोकांना सीडी न घेण्याचा. खुद्द बुशसाहेब एका मुलाखतीत जवळपास हेच म्हणाले. आणि मला ते अर्धं पटतं. रागावलेल्या श्रोत्यानं रेडिओ बंद केला, तर त्याला हुकूमशाही म्हणता येत नाही. स्वतःच्या पैशानं घेतलेली सीडी त्यानं खुशाल ट्रॅक्टरखाली घालावी.

उरलेलं अर्धं मात्र बघायला हवं, कारण पाणी तिथेच मुरतंय. रेडिओ बंद करणारा दर वेळी श्रोताच नव्हता. 1996 पर्यंत अमेरिकेत एका कंपनीला देशभरात किती रेडिओ केंद्रं ठेवता येतील यावर कायद्याची मर्यादा होती. त्या साली ती उठवली, आणि काही वर्षांतच एकेका कंपनीच्या हाती शेकडो केंद्रं आली. क्लिअर चॅनलकडे तर बाराशेच्या वर. क्यूम्युलस नावाच्या कंपनीनं आपल्या सगळ्या कंट्री केंद्रांवर या तिघींची गाणी बंद करण्याचा हुकूम काढला. गावोगावचे श्रोते वेगळे, त्यांची मतं वेगळी, पण निर्णय एकाच कचेरीतला. कोलोरॅडो स्प्रिंग्जमधल्या एका केंद्रावर तर दोन निवेदकांनी त्यांची गाणी लावली म्हणून केंद्रानं त्यांना निलंबित केलं.

कंट्रीचा कलाकार रेडिओवर जगतो, हे आपल्याकडे पटकन लक्षात येत नाही. रॉकवाल्याला दुसरी दारं असतात. कंट्रीत रेडिओ गेला की चूलच विझली.

जुलैमध्ये हा विषय सिनेटच्या समितीपुढे आला. अध्यक्षस्थानी जॉन मकेन. व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षं कैदेत काढलेला माणूस, इराक युद्धाचा खंदा समर्थक. मेन्सचं बोलणं त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. तरी क्यूम्युलसच्या प्रमुखाला समोर बसवून त्यांनी धारेवर धरलं, की मत मांडलं म्हणून तुम्ही कोणाचा धंदा कसा अडवता? मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. विरोधकाची बाजू घेतल्यावर टाळ्या मिळत नाहीत. मर्ल हॅगार्ड हा कंट्रीचा बुजुर्ग, देशभक्तीच्या गाण्यांसाठी प्रसिद्ध, तोही तेव्हा या मुलींच्या पाठीशी उभा राहिला.

सरकारनं काहीच केलं नाही, हे या प्रकरणाचं वैशिष्ट्य. इतर वेळी सरकारं करतात. 1968 मध्ये व्हाइट हाउसच्या जेवणात गायिका अर्था किट अध्यक्षांच्या पत्नीसमोर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलली. मायदेशातली तिची कामं आटली. सीआयएनं तिच्यावर अहवाल तयार केला होता, हे 1975 मध्ये उघड झालं. रशियात 2022 साली युरी शेवचुक या रॉक गायकानं उफा शहरात मंचावरून युक्रेन युद्धाविरुद्ध बोलून दाखवलं, तर सरळ खटला आणि 50,000 रुबल दंड. तिथे निदान कोणाशी भांडायचं ते कळतं. रेडिओच्या यादीतून नाव गळलं तर दाद कोणाकडे मागायची?

या तिघी संपल्या नाहीत. 2006 मध्ये त्यांनी त्याच रागावर गाणं केलं आणि 2007 च्या ग्रॅमीत पाच पुरस्कार नेले. मात्र तेच गाणं सर्वसाधारण यादीत चौथं असताना कंट्रीच्या यादीत 36 च्या वर चढलं नाही. घरच्यांनी दार उघडलं नव्हतं.

पण त्यांना सोसावं लागलं एवढीच ही गोष्ट नाही. एक जात्यात भरडली जाते तेव्हा सुपातले बघत असतात. 2003 मध्ये टेलर स्विफ्ट तेरा वर्षांची होती. पुढे ती कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला गायला आली, तेव्हा संगीतव्यवसायातल्या मंडळींनी तिला बजावलं की डिक्सी चिक्ससारखं करू नकोस. हे तिनंच नंतर सांगितलं. ती जगातली सर्वांत मोठी गायिका झाली, अमाप पैसा कमावला, तरी निवडणुकीत कोणाला मत देणार हे जाहीरपणे लिहायला तिला ऑक्टोबर 2018 उजाडावा लागला.