दिवाळीत शाळू

(तालुक्याच्या वाचनालयातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, माझी ओळख करून देताना अध्यक्षांनी ‘रेडिओवर मुलाखती झालेल्या लेखिका’ असं भारदस्त काहीतरी सांगितलं. मुलाखती दोनच झाल्या. पहिली सरकारी केंद्रावर, आणि तिच्यातलं मला मुख्यतः काय आठवतं, तर हातरुमाल. माझ्या हातात काचेच्या घट्ट बांगड्या होत्या. निर्मात्या बाई म्हणाल्या, “ताई, बांगड्या वाजतात.” निघेनात, तेव्हा त्यांनी आपला रुमाल माझ्या मनगटावर करकचून बांधला. पंखा बंद. कागदांची टाचणी काढून पानं सुटी केलेली. वाचलेलं पान उलटायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं. बावीस मिनिटं बोलले, त्यातली चौदा ठेवली. आदल्या रात्री घोकलेलं वाक्य नेमकं गेलं. प्रसारणाच्या वेळी आमच्याकडे वीज नव्हती. मावशीने ऐकलं. म्हणाली, “छान बोललीस, पण सर्दी झालेली का गं?”

आज सांगायचंय ते दुसऱ्या मुलाखतीचं. ती झाली सामुदायिक रेडिओवर, म्हणजे आसपासच्या गावांपुरत्या छोट्या केंद्रावर. आपल्याकडे २००२ पासून शिक्षणसंस्थांना अशी केंद्रं काढता यायची; २००६ मध्ये धोरण बदललं आणि स्वयंसेवी संस्थांनाही परवाने मिळू लागले. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचं केंद्र आहे, बारामतीला कृषी विज्ञान केंद्राचं आहे. मी गेले ते याहून लहान, त्याचं नाव राहू दे. प्रक्षेपक ५० वॅटचा. न्हाणीतला जुना पिवळा दिवासुद्धा ६० वॅटचा असायचा! आवाज पोचतो दहा-पंधरा किलोमीटर. पण त्या दहा-पंधरा किलोमीटरांत सगळ्यांचा पाऊस एक, पिकं एक आणि आठवडी बाजारही एक. हे मला आधी उमगलं असतं तर मी जरा जपून गेले असते.

स्टुडिओ म्हणजे जिन्याखालची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना वाकळा टांगलेल्या. निवेदिका बावीस-तेवीस वर्षांची. सरळच म्हणाली, “मॅडम, पुस्तक काल रात्री मिळालं. दोनच कथा झाल्यात.” मला ते आवडलं. न वाचता ‘आपल्या लेखनप्रवासाविषयी सांगा’ म्हणणारे पुष्कळ पाहिलेत. तिने त्या दोनांतल्या एका कथेचं पान वाचायला लावलं. भाऊबीजेला माहेरी आलेली बाई भावाशी भांडते आणि शाळूच्या उभ्या पिकात जाऊन लपून बसते, असा प्रसंग. वाचताना कळलं की माझी वाक्यं डोळ्यांसाठी लिहिलेली आहेत. एका वाक्यात मधेच दम संपला, क्रियापद अजून दीड ओळ लांब होतं.

मग फोन घेतले. पहिलाच फोन एका वयस्क माणसाचा. माझ्यानंतर बाजारभाव लागणार होते, त्यांची वाट बघत बसलेला.

“ताई, गोष्ट चांगली हाय. पर दिवाळीत शाळू एवढा कसा वाढला?”

मी गप्प. समोर बसलेला माणूस गप्प झाला तर निदान त्याचा चेहरा दिसतो. रेडिओवर चार सेकंद गप्प बसलात तर ऐकणारा डबा हलवून बघतो. पोरीचा हात गाण्याच्या बटणाकडे गेलेला मला दिसला.

शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणी फेब्रुवारी-मार्चात. दिवाळीत ती गुडघ्याला लागली तरी खूप. तिच्यात बाई काय, कोंबडी लपायची नाही. मी शेतकऱ्याची नात आहे हो! हे मला ठाऊक होतं. पण तीस वर्षं शहरात काढल्यावर आठवणीतल्या तिथी सरकतात. सणाला भेटणारा भाऊ ऑक्टोबरातला, डोक्याएवढा शाळू जानेवारीतला, आणि कथेसाठी मला दोन्ही हवे होते. संपादक, मुद्रितशोधक, दोन परीक्षक यांच्या हातून ते पान गेलं. एका परीक्षकाने तर ‘मातीचा अस्सल गंध’ असंही लिहिलं.

“चुकलं माझं,” मी म्हणाले.

“तसं न्हवं. बाजरी घाला की तिथं. काढायला थोडी मागं राहिली म्हणायचं. बाजरीतबी माणूस लपतंय.” आणि लगेच, “बाजारभाव कवा लावताय?”

इतका नेमका संपादकीय सल्ला मला दुसऱ्या कुणी दिलेला नाही, आणि तोही मानधनाशिवाय.

दुसऱ्या आवृत्तीत मी बाजरी केली. पानभर शोधून शोधून शाळू काढला. पुस्तक छापून हातात आलं आणि शेवटच्या परिच्छेदात बाई पदराला चिकटलेला कडबा झाडत उठते, तो तसाच. कडबा ज्वारीचा. बाजरीचं ते सरमाड.

अजून कुणाचा फोन आलेला नाही. पण त्या केंद्राने पुन्हा बोलावलंय, येत्या गुरुवारी, बाजारभावांच्या आधी.